ताईच्या शेजारची खुर्ची

त्या दिवशी मी नेहमीसारखीच डबा घेऊन कामावर गेले. कलासंग्रहालयात जुन्या व्हिडिओ टेपांच्या प्रती काढायचं माझं काम. टेप लावायची, ती संगणकात उतरेपर्यंत समोर बसायचं, चित्रात कुठे पट्टे आले की वेळ लिहून ठेवायची. घाई करून उपयोग नसतो, तासाची टेप तासभर घेतेच.

त्या दुपारची टेप माझ्या ताईची होती.

घरातले सगळे 'हे काय खूळ' म्हणत असताना ताई व्हिडिओतून कलाकृती करायची. दर वाढदिवसाला ती कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःला प्रश्न विचारायची आणि प्रत्येक प्रश्नानंतर थोडा वेळ गप्प राहायची. पुढच्या वर्षी तीच टेप टीव्हीवर लावून, शेजारी बसून, त्या मोकळ्या जागांत उत्तरं द्यायची, आणि तेही चित्रित करायची. मग नवे प्रश्न. अकरा वर्षांत टीव्हीत टीव्ही, त्यात आणखी टीव्ही, आणि अगदी आत वीस वर्षांची, वेणी घातलेली ताई. यातली खरी मी कोण, हे तिला बघायचं होतं. आरशाला एवढे कष्ट पडत नाहीत, असं म्हणून मी तिला चिडवायचे.

बाराव्या टेपेनंतर ती आजारपणात गेली. त्या बाराव्या टेपेच्या वेळी कॅमेरा धरायला तिने मला बोलावलं होतं. मी कामाचं निमित्त सांगितलं. तिचं खंगलेलं रूप मला बघवत नव्हतं, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

आज समोर आलेली टेप तीच, कुणीच न पाहिलेली. इतक्या वर्षांत ती चिकट झाली होती, म्हणून ओलावा निघावा यासाठी ती यंत्रात मंद उष्णतेवर रात्रभर शेकली. अशी टेप एकदा नीट चालते, दुसऱ्यांदा भरवसा नाही. साहेबांनी बजावलं होतं, डोळे पुसत बसू नकोस, पट्टे बघ.

मी दार लावून घेतलं. खोलीत गरम प्लॅस्टिकचा वास होता. ताई दिसली. शेजारी या वेळी टीव्ही नव्हता, रिकामी खुर्ची होती.

"जेवलीस का?" तिने विचारलं, आणि गप्प राहिली.

स्वतःला कोण असं विचारतं?

"जेवले," मी म्हटलं.

"केस पिकले का गं?"

"पिकले की. तुझ्याहून मोठी झालेय मी आता..."

ती हसली. मग बराच वेळ खाली बघत राहिली.

"आज का नाही आलीस, शेपटे?"

मी लहानपणी सतत तिच्या मागे असायचे, म्हणून शेपटी. दुसरं कुणी मला तसं म्हणत नाही.

"भीती वाटली गं... तुला तसं बघायची."

ताईने मान हलवली. मग नुसते पट्टे आले. टेप बावीस मिनिटांची भरली, मी तसं वहीत लिहिलं.

नियमाप्रमाणे मी लगेच प्रत तपासली. आमच्या त्या खोलीत माईक नाही. यंत्रातून संगणकात एक वायर जाते, बस. तरी त्या मोकळ्या जागांत माझा आवाज होता. माझी तिन्ही उत्तरं स्पष्ट होती, आणि शेवटच्या उत्तरानंतर पट्टे आलेच नाहीत.

"मग आता येतेस?" ताईने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत बसली.

मूळ टेप पुन्हा लावली, ती तुटली. साहेबांना प्रत दाखवली, तर त्यांना फक्त पट्टे दिसले.

त्या दिवशी प्रत तेवीस मिनिटांची होती. आज एकोणतीस आहे. मी रोज दुपारी डबा खाताना ती लावते. ताई अजून तशीच बसलीय. मी उत्तर दिलेलं नाही, पण खरं सांगते, जावंसं फार वाटतं.

गेला आठवडाभर माझा राखाडी स्वेटर सापडत नव्हता. घर पालथं घातलं, कपाटं उपसली. काल दुपारी तो दिसला. ताईच्या शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर, नीट घडी घालून ठेवलेला.