सासूबाईंच्या खोलीतला कॅमेरा

खोटं वाटलं तर वाटू दे. ज्या खोलीत हे घडलं, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आणि हे रात्री-अपरात्रीचं नाही...

भर दुपारचं आहे.

माझी एक मामेबहीण आहे. घरात तिला चिमणी म्हणतात, पण चिमणीसारखं तिच्यात काहीएक नाही. नोकरी सुटल्यावर ती संगणकावर थ्रीडी खोल्या बनवायला शिकू लागली. एक सजावटकार म्हणाला होता, "एक खोली नीट करून दाखवा, घरबसल्या काम देतो."

पण खोली कुठली करायची?

तिने नेटवरचे ढीगभर फोटो चाळले. सगळ्या खोल्या इतक्या चकचकीत, की तिथे कुणी कधी शिंकलंसुद्धा नसेल. त्यात बसायला जागा स्वयंपाकघरातली. जेवणाची वेळ झाली की उचला लॅपटॉप.

मग तिला सासूबाईंची खोली सुचली. त्या गेल्यापासून ती कुलूपबंद होती. त्या असताना चिमणीने कधी उंबरा ओलांडला नव्हता. औषधं दारातून द्यायची, बोलायचंही दारातूनच. पाऊल पुढे पडलं की सासूबाई खाकरायच्या. तेवढं पुरे व्हायचं.

म्हणून तिने संगणकातला कॅमेराही, म्हणजे पडद्यावरची खोली जिथून दिसते ती जागा, दारातच ठेवला. तिथून आठवलं तेवढं बनवलं. पलंग, कपाट, खिडकी. मग कॅमेरा आत, खिडकीपाशी नेला, फाइल सेव्ह केली आणि भांडी घासायला गेली.

परत आली...

कॅमेरा दारात.

"तू हात लावलास का रे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला त्यातलं गाणी लावण्यापलीकडे काय कळतं?"

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

तिने कॅमेरा पुन्हा आत नेला. सेव्ह केलं. फाइल बंद करून उघडली...

कॅमेरा दारात.

आणि कुलूपबंद खोलीतून कुणीतरी खाकरलं.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ही खोली सोड ना. दुसरी घे एखादी."

दुसरी कुणी असती तर घाबरली असती. चिमणीचं डोकंच फिरलं.

"इतकी वर्षं दारात उभी राहिले, कधी बोलले का? आता संगणकातही दारातच? किल्ली दे."

"अगं, आईला आवडणार नाही..."

"ते त्या सांगतील मला. किल्ली!"

कुलूप निघालं. तिने टेबल-खुर्ची आत ओढली आणि पलंगाकडे पाठ करून मांडली. संगणकातल्या खोलीतही तसंच टेबल केलं, तशीच खुर्ची. कॅमेरा खिडकीपाशी ठेवला.

दारात कुणीतरी खाकरलं.

तिने मान वळवली नाही.

पुन्हा खाकरणं... या वेळी उंबऱ्याच्या आतून.

"आई, मी उठायची नाही," ती म्हणाली. आवाज कापला, पण बोलली. "माझं काम इथेच होणार. यायचं तर तुम्ही या."

सगळं शांत झालं.

मग तिच्या मागे पलंग करकरला.

एकदाच.

आणि समोर, पडद्यावर, कॅमेरा आपोआप हलला. तो दारात गेला नाही. पलंगावर येऊन थांबला. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर...

त्यातून खुर्चीची पाठ दिसत होती.



"बघत बसा," ती म्हणाली आणि तेच चित्र सजावटकाराला पाठवून दिलं.

काम मिळालं. त्याला तो कोन फार आवडला. हा सुचला कसा, म्हणून विचारलं. "घरच्यांनी सुचवला," म्हणाली.

परवा मी तिला भेटायला गेलो. तिचं काम जोरात चाललं होतं.

"टेबल फिरवून तरी घे," मी म्हटलं. "पलंगाकडे तोंड करून बस."

"मी का फिरवू?"

चहाचा कप माझ्या हातात देऊन ती पुन्हा कामाला लागली.

"उभा का? बस ना पलंगावर," ती मागे न बघता म्हणाली. "फक्त उशीकडची जागा सोड."

मी उभ्यानेच चहा संपवला.