कार्डावरची हळद

आमच्या काकासाहेबाचं त्या दिवशीचं वागणं बघून मला शिसारी आली. पोटचा पोरगा म्हणून झाकणार नाय. चाळीस बायांसमोर तो निशावर खेकसला, "उचल तुझा कॅमेरा आन् चालती हो!"

निशा सोयगावकडच्या मेंढपाळाची लेक. फोटो काढायला घेतलेलं तिचं हे पहिलंच लग्न, माझ्या नातीचं, संस्कृतीचं. सकाळी तिनं चुडा भरतानाचे फोटो काढले आन् चहाला उठली. परत येऊन बघते तर कॅमेरा म्हणतो, कार्ड खराब. फोटो एक नाय. त्या दिवशी तिला हाकलली असती, तर उस्मानपुऱ्यात पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

"थांब रे," मी म्हणलं. "चूल पेटंना म्हणून कुणी चुलीला लाथ घालतं का? आधी लाकूड बदलून बघावं. पोरी, दुसरं कार्ड हाय?"

तिनं दुसरं घातलं. फोटो झकास निघाला.

"म्हंजी कॅमेरा चांगला. आता ते बिघडलेलं दाव."

अंगठ्याच्या नखाएवढं काळं कार्ड. त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर पिवळा, चिकट डाग.

माझ्या बहिणीचा विश्वजीत तिथंच चहात बिस्कीट बुडवत बसला होता. नवरदेवाकडचे फोटो काढायचं काम त्याच्याकडं. तिकडूनच तो एकटा पुढं आला होता. "मावशी, पोह्याच्या हातानं धरलं असंल तिनं," तो म्हणला.

"पोहे खाल्लेस का गं?"

"नाय आजी. आज उपास हाय माझा."

मी कार्ड नाकाशी नेलं. चंदनाचा वास. पोह्यात चंदन कोण घालतं?

"लग्नघर हाय, माय," काकासाहेब करवादला. "हळदीचा हात लागणारच."

"कुठली हळद रे?"

पाट मांडलेला, पण वाटी रिकामीच होती. नवरदेवाला लावलेली उष्टी हळद अजून वाटेवर होती. ती आल्याबिगर नवरीला हळद लागत नाय.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"विश्वजीत, हात पुढं कर."

"धुतलेत की, मावशी."

"मग दावायला काय झालं?"

हात धुतलेले. नखांत मात्र पिवळा मळ, त्याच चंदनाच्या वासाचा. तीच बोटं तो चहात बुडवत होता!

"ऐका," मी म्हणलं. "नवरदेवाच्या हळदीत त्यांच्या रीतीनं चंदन-तेल कालवलेलं. तसल्याच बोटांनी यानं स्वतःचं कार्ड बिघडवलं. पुढचे फोटो कशावर काढणार? निशा चहाला उठली तशी यानं तिचं चांगलं कार्ड काढलं आन् आपलं मेलेलं तिच्या कॅमेऱ्यात खुपसलं. दोन्ही काळी, एकाच जातीची, कुणाला कळतंय? पण ती हळद आज एकाच घरात होती. आन् तिथनं इथं आलेला माणूस हा एकच. पोरी, याच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढ."

निशानं ते आपल्या कॅमेऱ्यात घातलं. हिरव्या बांगड्या, संस्कृतीचं हसू, सगळं जागच्या जागी.

"परत देणारच होतो, मावशी. अजून पुसलंसुदिक नाय."

"पायरी उतर."

तो उतरला. काकासाहेबानं हात झटकले. "चला, मिटलं. ए पोरी, लाग कामाला."

मी पाटासमोर उभी राहिले. "काय मिटलं? त्यानं कार्ड चोरलं, ते सापडलं. तू तिचं नाव घालवलंस, ते कुठल्या कॅमेऱ्यातनं काढून देणार? चाळीस बायांसमोर ओरडलास ना? त्याच बायांसमोर तिला हात जोड. तोवर माझ्या लेखी तू नवरीचा बाप नाय."