तिसरी बिजागरी

"अहो, सोडा! दार माझं आहे."

"दार तुम्हीच घ्या हो... मला फक्त बिजागऱ्या हव्यात!"

पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्या वखारीत एका जुन्या दाराला दोघं दोन बाजूंनी लटकली होती. एकीकडे ती — जुन्या लाकडाची टेबलं-बाकं घडवणारी, केसांत कायम भुसा. दुसरीकडे तो — भंगार लोखंडातून सांगाडे जोडणारा वेल्डर, शर्टाला ठिणग्यांची भोकं. वखारवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून निवाडा केला, "लाकूड तिचं, पितळ तुझं. आता मला जेवायला जाऊ द्या."

तीन पितळी बिजागऱ्या खिशात टाकून तो निघाला खरा, पण मन त्या दारामागोमागच गेलं.

टेबलाला पाय लागतात आणि पायांना टेबल. त्यामुळे वर्षभरात दोघांनी मिळून एक शेड घेतली यात नवल नव्हतं. तिचा भुसा आणि त्याच्या ठिणग्या यांचं जमणं शक्य नव्हतं, म्हणून मधे एक पत्रा उभा केला. दिवसभर त्या पत्र्यावरून भांडण चालायचं.

"साहेब, ठिणगी आली हं इकडे!"

"भुसा आवरा, सुतारीणबाई!"

या भांडणातच अहो-जाहो कधी गळून पडलं, कुणालाच कळलं नाही. ते जुनं दार मात्र कोपऱ्यात तसंच टेकून होतं. 'काही छान सुचलं की कापीन,' असं ती म्हणायची.

मग एक दिवस ती म्हणाली, "जागा पुरत नाही रे. पुढच्या आठवड्यात मी मोठ्या शेडमध्ये जातेय."

तो म्हणाला, "बरं."

घरी हे ऐकून आईनं कपाळावर हात मारला. "बरं? अरे, जन्मभर लोखंड जोडतोस आणि तुला दोन शब्द जोडता येईनात? तोंडाला वेल्डिंग केलंयस का?"

तेव्हा त्याला युक्ती सुचली. जुनी फळी रंधा मशीनवर घालण्याआधी ती तिच्यावरून लोहचुंबक फिरवायची. चुंबक चिकटलं, की आत खिळा आहे असं समजून तो हातानं कोरून काढायची. त्यानं लोखंडाची एक अंगठी केली, तिनं रंधायला काढून ठेवलेल्या एका फळीतल्या जुन्या भोकात बसवली आणि वर भुसा-डिंक भरला. चुंबक चिकटेल, ती कोरेल, तिला कळेल... आणि आपल्याला बोलावंच लागणार नाही!

पण ती फळी रंधायच्या आदल्या संध्याकाळी त्याला राहवेना. तिचे हात सदा डिंकात, पाण्यात. लोखंड गंजेल की! त्यानं ती अंगठी काढली, एक बिजागरी कापून पितळेची केली, चांगली चमकवली आणि तिथंच लपवून ठेवली.

सकाळी तो पत्र्याआड कान टवकारून उभा राहिला. चुंबक या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. आवाज नाही. पुन्हा फिरलं. तरी नाही.

"स्वच्छ आहे फळी," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिनं मशीन सुरू केलं.

असं कसं झालं? त्याला कळेना. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पितळ! पितळेला कधी चुंबक चिकटतं होय? शेंबडं पोरही सांगेल, आणि आयुष्य धातूत घालवलेला हा गडी विसरला! पात्याला अंगठी लागली तर तुकडे थेट तिच्या तोंडावर...

तो पत्रा पाडतच धावला. मशीनच्या घरघरीत त्याची हाक बुडाली. त्यानं लाल बटणावर हात आपटला. फळी पात्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

"वेड लागलंय का तुला?"

"आत... आत अंगठी आहे."

मग तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि भोक कोरलं. तळहातावर पितळेचं छोटं वर्तुळ पडलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, चुंबकाकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं आणि हसत हसत भुशातच बसली.

"अरे देवा... पितळ उघडं पडलं की तुझं!"

तो मात्र हसला नाही. "तुला काही झालं असतं तर मी... मला बोलता येत नाही गं. पण मला तू हवी आहेस. रोज. भांडायला तरी."

तिचं हसू थांबलं आणि डोळे भरून आले. "फळीलासुद्धा मी आधी विचारते, मग हात लावते. मला विचारायला काय झालं होतं तुला?"

"आता विचारतोय. घालशील?"

तिनं अंगठी बोटात सरकवली. जरा सैलच झाली, पण तिनं मूठ मिटून घेतली. "नव्या शेडमध्ये मी मधोमध विटांची भिंत बांधून घेतलीय, ठाऊक आहे? भुशात ठिणगी पडू नये म्हणून. मी एकटीच जाणार असते, तर ठिणग्या कोण पाडणार होतं?"

"मग... सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. तू म्हणालास, 'बरं'!"

त्यानं इतका लांब श्वास सोडला, की फळीवरचा भुसा उडाला. छातीवरचा दगडच उतरला होता.

"त्या भिंतीला दार लावायचंय," ती कोपऱ्याकडे बघत म्हणाली. "तेच. कापायला हातच धजावला नाही माझा. बिजागऱ्या आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत. दोन."

"तीन होत्या ना?"

त्यानं तिच्या बोटाकडे पाहिलं. मग तिनंही पाहिलं.

"दोनच पुरे," ती हळूच म्हणाली. "कुरकुरलं तर कुरकुरू दे. तू आलास की मला कळेल."