वाजवून घेतलेली हार्ड डिस्क

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताचा चुरा होताना मी समोर उभी होते. मला कुणाला पटवून द्यायची हौस नाही.

रात्रबित्र नव्हती. रविवारची भर दुपार. आमच्याच घरातली पुढची खोली, खिडकीतून लख्ख ऊन.

आमचे हे सुतारकाम करतात. लोकांना कपाटं, ओटे करून देतात. सगळी डिझाइनं घरच्या कॉम्प्युटरवर, आणि लेकीचे जन्मापासूनचे फोटोही तिथेच. तो कॉम्प्युटर सारखा बंद पडायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, "वहिनी, हा कधीही मान टाकेल. बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि सगळं कॉपी करून ठेवा."

म्हणून शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो.

दुकानदाराने तीन काढून ठेवल्या. एक चपटी, छोटीशी. आत काहीच फिरत नाही, पडली तरी चालते. दुसरी मोठी, आत चकती फिरते, जागा भरपूर, पण जपून वापरायची. तिसरी दुसरीसारखीच, फक्त जड. मी म्हटलं, पहिली घ्या, घरात लहान मूल आहे.

माझं ऐकतील तर शपथ!

ह्यांना एक खोड आहे. फळी असो, दार असो, नाहीतर कलिंगड, बोटाच्या पेराने वाजवून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. लेकीनेही तेच उचललं. हे बाथरूममध्ये गेले की ती दारावर ठक करणार, आणि आतून बाबांनी ठक ठक करून उत्तर द्यायचं. दोघांचा खेळ. दिवसभर तेच. माझं डोकं उठायचं.

ह्यांनी पहिली वाजवली. काही नाही.

दुसरी. काही नाही.

तिसरी वाजवली... ठक.

आणि आतून...

ठक ठक.

मी दुकानदाराकडे पाहिलं. तो मान खाली घालून बिल करत होता. ह्यांचा चेहरा मात्र खुलला. "बघ, बोलते! हीच घेऊ."

हार्ड डिस्क कशी बोलेल, हा प्रश्न मला घरी आल्यावर पडला. तेव्हा मीही हसले होते.

रविवारी जेवणं झाल्यावर ह्यांनी ती जोडली. कॉपी सुरू झाली. लेक शेजारी मैत्रिणीकडे गेली होती, तेवढं एक नशीब.

कॉपी झालेले फोटो नीट आलेत का, म्हणून मी एक उघडला. लेक ह्यांच्या खांद्यावर बसलेली. ह्यांचा उजवा हात...

मनगटाच्या पुढे नव्हता.

दुसरा फोटो. नव्हता. तिसरा. नव्हता.

कॉम्प्युटरमधले मूळ फोटो उघडले. त्यांत हात होता, पाचही बोटांसकट.

"अहो, इकडे या बघू."

ते आले आणि वाकून बघायला लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं... पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. रस्त्यावरच्या गाड्यांचाही नाही. सगळं घर कानात कापूस घातल्यासारखं झालं होतं.

फक्त डिस्कमधून येत होता...

ठक ठक. ठक ठक.

"गप्प बस की!" ह्यांनी सवयीने पेराने वाजवलं.

आतून उत्तर आलं आणि ह्यांनी हात झटकला. दोन बोटांच्या पेरांवरची कातडी फाटली होती. आतलं पांढरं दिसत होतं. कीबोर्डवर रक्त ठिबकायला लागलं.

ह्यांचा राग तर नाकावरच असतो. तडक हत्यारांच्या पिशवीतून हातोडी काढली.

"अहो नको! लेकीचे फोटो आहेत त्यात!" मी दंडाला लोंबकळले. ह्यांनी मला ढकलून दिलं. आमच्या संसारात पहिल्यांदा. मी भिंतीवर आदळले.

हातोडी बसली. एकदाच.

डिस्कवर ओरखडासुद्धा उठला नाही.

क्षणभर काहीच झालं नाही. मग...

हातोडी सोडून टेबलावर टेकलेल्या ह्यांच्या उजव्या हातावर वरून काहीतरी आदळलं. मला काहीही दिसलं नाही. फक्त हात चपटा झालेला दिसला. वाळलेली फळी मोडावी तसा आवाज आला, आणि बोटं नको त्या बाजूंना वळली. ओरडायला ह्यांनी तोंड उघडलं, तोच दुसरा घाव जबड्यावर बसला. दात माझ्या पायाशी येऊन पडले. भिंतभर रक्त उडालं होतं.

त्याच क्षणी पंख्याचा आवाज परत सुरू झाला.

हात मनगटापासून काढावा लागला. हॉस्पिटलमध्ये मी सांगितलं, कपाट अंगावर पडलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खरचटलेल्या कोपराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तुम्हा दोघांचं भांडण झालं होतं का?"

दुरुस्तीवाला म्हणाला, मी डिस्क खोलून बघतो. माझं न ऐकता घेऊन गेला. संध्याकाळी ती दारात ठेवून निघूनही गेला. त्याच्या तळहाताला पट्टी होती. स्क्रू-ड्रायव्हर एकदाच घातला होता, म्हणे. हाताला आरपार भोकं मात्र दोन.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक दिलं की ती दोन परत करते.

माझा भाऊ म्हणाला, "ताई, नदीत फेकून दे." आणि माझा श्वास कोंडला तर? जाळली तर? कचऱ्यात टाकली आणि गाडीखाली चिरडली तर? ज्याने दिलं त्यालाच मिळतं. मला माझ्या लेकीला वाढवायचंय.

म्हणून ती घरातच आहे. गोधडीत गुंडाळून, मऊ कपड्यांच्या थरावर, कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात. पोटच्या पोरीलाही मी इतकं जपलं नसेल. लेकीला यातलं काहीही सांगितलेलं नाही. त्यातले तिचे बाकीचे फोटो बघायची माझी छाती झाली नाही.

बाथरूमच्या दारामागून हे आता उत्तर देत नाहीत. लेक बिचारी ठक करून उभी राहायची. मग तिनेही सोडून दिलं.

आज सकाळी ती टेबलाशी बसून चित्र रंगवत होती. हे अजून झोपलेले. मी पोळपाट धूत होते.

बंद कपाटातून...

ठक.

एकदाच. कुणीही हात लावला नव्हता.

लेकीने मानही वर केली नाही. डाव्या हाताने रंग भरता भरता उजव्या हाताने टेबलावर वाजवलं.

ठक ठक.