आईची चाल

त्या दिवशी नागपूरची गाडी चुकली नसती, तर सुनंदा गुणवंताच्या दुकानात आलीच नसती. पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. शाळेत शिकवणाऱ्या सुनंदाने पर्समधून तळहाताएवढं फिल्मचं रीळ काढलं.

"हे कॅसेटवर उतरवता येईल का? मामाने आमच्या सौसरच्या बागेत काढलं होतं. आई आहे यात."

"आई आता...?"

"चार वर्षं झाली. घरी फोटो आहेत. पण बाबा म्हणतात, तिची चाल आठवत नाही."

गुणवंताने फिल्म उजेडात धरली. वाळून कडक झाली होती.

"मॅडम, प्रोजेक्टरनं भिंतीवर चालवायची अन् व्हिडिओ कॅमेऱ्यानं घ्यायची, एवढंच काम. पण मधात अडकली तर दिव्यानं जळते. एकदा चालेल. दुसऱ्यांदाचा भरोसा नाही."

"मग एकदाच चालवा. पण नीट."

"मी काय नवरदेव सोडून वाढप्यांची शूटिंग करतो?"

"करतही असाल... मला काय माहीत."

त्याने दार लावून पडदा ओढला. भिंतीवर संत्र्याची झाडं उमटली. टोपली ठेवून एक बाई उठली, पदर खोचून चालू लागली. सुनंदाचा हात तोंडावर गेला. भिंतीचा उजेड तिच्या भरल्या डोळ्यांत हलत होता. कॅमेरा कधी वळला, गुणवंताला कळलंच नाही. भानावर येऊन त्याने तो परत फिरवला, तोवर आई झाडामागे गेली होती.

"झालं?" सुनंदाने विचारलं.

हो म्हटलं असतं, तर ती खुशीत निघून गेली असती. आणि तिकडे तिचे वडील टीव्हीसमोर वाट पाहत बसले असते...

"नाही झालं," तो म्हणाला. "त्या चालत होत्या, तेव्हा कॅमेरा तुमच्याकडे होता."

"काय करून राहिले होते तुम्ही?"

"तुम्हाला पाहून राहिलो होतो."

ती उठून कॅमेऱ्यामागे उभी राहिली.

"लावा परत. कॅमेरा मी धरते, तुम्ही फिल्म सांभाळा. अन् माझ्याकडे बघाल तर याद राखा."

झाडं आली. टोपली आली. बाई उठली... आणि तिथेच थांबली. भिंतीवर कोपऱ्यातून तपकिरी डाग पसरू लागला. गुणवंताने तापलेल्या प्रोजेक्टरमध्ये बोट घालून फिल्म पुढे ढकलली. कातडी चरचरली. फिल्म सरकली, आई चालू लागली. त्याने मान वर केली नाही.

मग दोघांनी टीव्हीवर कॅसेट पाहिली. आधी झाडं, मग सुनंदाचाच चेहरा आला. तो कितीतरी वेळ तसाच होता.

"हे पुसून टाकतो," तो घाईने म्हणाला.

"राहू द्या." तिने त्याचं भाजलेलं बोट पाण्याच्या गिलासात बुडवलं आणि धरून ठेवलं.

"बाबा विचारतील ना, हे कोणी काढलं म्हणून," ती म्हणाली.

"मग... काय सांगाल?"

"मी काहून सांगू? रविवारी घरी या. तुम्हीच सांगा."