दाराबाहेरचे बूट

"ही खुर्ची माझी आहे."

काचेच्या खोलीत माइकसमोर बसलेला माणूस दचकून उठला. "म्हणजे तो आवाज... तुमचा?"

तो कादंबरीकार होता. आपलं पुस्तक मोठ्याने कोण वाचतंय ते बघायला आला होता. खुर्चीची मालकीण, म्हणजे ती, इथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. पाच वर्षांच्या लेकीला, गोटीला, शेजारच्या मावशींकडे सोडून, रोज दहा ते एक. त्या दिवसापासून तोही रोज येऊ लागला. रेकॉर्डिंग सांभाळणारे बटणकाका त्याला 'आमचे नवे शिकाऊ' म्हणायचे.

मधल्या सुट्टीत चहा व्हायचा.

"तुमची नायिका तिसाव्या वर्षी आकाशातून पडलीय का हो?" तिने एकदा विचारलं. "तिला मागचं काही नाहीच?"

"तुम्हाला आहे?" तो हसला.

आणि कसं कोण जाणे, तिने सांगून टाकलं. सख्ख्या आईलाही न सांगितलेलं.

आठवड्याने त्याने चौथं प्रकरण नव्याने लिहून आणलं. पानं आधी चाळायची नाहीत, ही तिची सवय. ऐकणाऱ्यासारखंच आपल्यालाही पुढचं ठाऊक नसावं. ती वाचू लागली—

'नवरा निघून गेल्यावर तिने जुन्या बाजारातून पुरुषी बूट आणले. घरात एकटी बाई आहे हे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळू नये, म्हणून ते दाराबाहेर ठेवले. अधूनमधून ती त्यांना थोडी माती लावायची. मुलीला वाटायचं, बाबांचेच...'

आवाज थांबला.

"ताई? पाणी हवंय का?" हेडफोनमधून बटणकाका.

तिने हेडफोन काढला, दार ढकललं आणि काकांशेजारी बसलेल्या त्याच्यासमोर पानं आपटली.

"तुमच्या बाईला भूतकाळ सापडेना, म्हणून माझा उचललात?"

"अहो, नाव कुठे आहे तुमचं? कुणाला कळणार—"

"गोटीला कळेल! माझं एकेक पुस्तक कान लावून ऐकते ती. ते बूट बाबांचे नाहीत, हे तिला मी सांगायचंय. कधी आणि कसं, ते मी ठरवणार. तुमचं चौथं प्रकरण नाही!"

"मला वाटलं... हे कळलं की वाचकही तिच्या प्रेमात पडेल." त्याने मान खाली घातली. "मी पडलो तसा."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हेच ऐकायला तिने किती चहा गार केले होते... आणि ते आलं असं, चोरीच्या मालाबरोबर!

"प्रेमात पडलात ना? मग तोंड बंद ठेवता येत नव्हतं?" पर्स उचलून ती दारापर्यंत गेली. "काका, हे सगळं पुसून टाका."

"काय पुसू? मी तर चहाला गेलो होतो," काका जागचे न हलता म्हणाले.

दोन दिवस तिने दुसरंच पुस्तक वाचलं. तो आला की पाठ फिरवायची. तिसऱ्या दिवशी त्याने उंबऱ्यावरूनच एक पान पुढे केलं. "आधी वाचा. मग ठरवा."

तिने सवय मोडली. आधी वाचलं.

'ती घरी आली. दाराबाहेर जे होतं ते पायाने जरा सरकवलं, आणि कुलूप उघडलं.'

बस. पुढे नायिकेच्या नोकरीची गोष्ट सुरू.

तिने ते एका दमात रेकॉर्ड केलं.

"पण सरकवलं काय हो?" बटणकाका साळसूदपणे म्हणाले. "ऐकणारे विचारतील."

"विचारू देत," तो म्हणाला. "ते सांगणारा मी कोण?"

जिन्यात तो तिच्या मागे दोन पायऱ्या ठेवून उतरत होता.

"राग गेला?"

"नाही."

"बरं." एक पायरी गेली. "माझंही एक मागचं सांगायचं होतं..."

"आत्ता नको! पहिल्याच पानावर सगळं ओतायची खोडच आहे तुम्हाला."

तो गप्प झाला. चक्क गप्प राहिला. खालच्या दाराशी तीच थांबली.

"रविवारी सकाळी गोटीला खरं सांगणार आहे मी. रडेल... कदाचित माझ्याशी बोलणारही नाही." तिने पर्सची चेन उगाच उघडली, लावली. "मग ते बूट जातील. चार वाजता या."

"मी? मी येऊन काय करू?"

"दाराबाहेरची जागा रिकामी असेल," ती अजूनही रागातच म्हणाली. "अनवाणी येणार आहात का?"