खुशालरावांच्या पोटातला नऊचा आकडा

आलेख पाहून डॉ. अनुपमांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. खुशालरावांच्या जठरातलं आम्ल मध्येच गायब होत होतं.

नाकातून बारीक नळी सोडून, तिचं टोक जठरात ठेवून, दिवसभराची आम्लता मोजली होती. आकडा सातच्या खाली म्हणजे आम्ल, वर म्हणजे क्षार. माणसाच्या पोटात तो एक-दोन असावा. इथे रेघ अधूनमधून उडी मारून थेट नऊवर जात होती.

“मशीन बिघडलं का?”

“आकडा ठाऊक असलेल्या दोन द्रावणांत नळी बुडवून पाहिली, मॅडम. बरोबर आकडे देऊन राहिलं,” तंत्रज्ञ रागिणी म्हणाली. “लपून गोळ्या घेतल्या असतील.”

“गोळीनं आम्ल कमी बनतं. आकडा सातच्या पुढे जात नाही. पुढे जायला क्षारच पोटात पडायला हवा.”

खुशालरावांच्या अन्ननलिकेत जखमा होत्या, बहुधा जठरातून वर चढणाऱ्या आम्लामुळे. तपासणीत आम्ल भरपूर दिसलं, की मुलगा विपुल त्यांना ऑपरेशनसाठी पुण्याला नेणार होता, आणि कायमचं तिथंच ठेवणार होता. आम्ल दिसलं नाही, तर ऑपरेशन टळणार आणि जखमा चिघळणार.

खुशालराव बडनेऱ्याचे निवृत्त रेल्वे गार्ड, बायको गेल्यापासून एकटे. भेटायला यायचे फक्त शेजारचे शेषराव, आणि तेही घरी एकटेच असत. दोघं रोज संध्याकाळी एकत्र बसायचे. बोलायचे फार कमी, पण बसायचे.

अनुपमांनी शेषरावांना बोलावलं.

“यांना काही खायला दिलंत?”

“नाही जी. घरचं पाणी आणलं फक्त. दवाखान्याचं पाणी त्याले पचत नाही.”

“नुसतं पाणी?”

“मंग काय?”

त्या खुशालरावांकडे वळल्या. “पाणी प्यायलं की बटण दाबा म्हटलं होतं. दाबलंत?”

“हरेक घोटाले. गार्ड होतो मी, नोंद कशी चुकवीन?”

अनुपमांनी आलेखावर उमटलेल्या बटणाच्या खुणा पुन्हा तपासल्या. मग शेषरावांच्या पिशवीतली बाटली मागितली. तळाशी पांढरा गाळ होता. रागिणीनं त्या पाण्यात दुसरी स्वच्छ नळी बुडवली. आकडा पार वरच्या टोकाला गेला. शेषराव खिडकीबाहेर पाहू लागले.

“चुन्याची निवळी,” अनुपमा म्हणाल्या. “जळजळीवर घरोघरी देतात. शेषराव, तुम्ही घरी गेल्यावर यांनी इथलं पाणी प्यायलं, तेव्हाही बटण दाबलं. रेघ जराशी हलली आणि खाली आली. उड्या फक्त तुम्ही आल्यावरच्या. आम्ल दिसू नये आणि पुणं टळावं, म्हणून हे केलंत. फक्त निवळी भलतीच कडक झाली.”

“तो गेला तर मी कोनासंगं बसू?” शेषराव म्हणाले.

अनुपमांना राग यायला हवा होता. आली ती कणव.

“त्याले बोलू नका, डॉक्टरीणबाई,” खुशालराव म्हणाले. “पहिल्याच घोटाले मले चव समजली होती.”

“मग प्यायलात कशाला?”

“मले बी जायाचं नाही.”

“आणि बटण का दाबलंत?”

खुशालराव ओशाळले. “नोंद त करा लागते ना.”

नळी पुन्हा घातली. या वेळी बाटली नव्हती. आम्ल भरपूर निघालं, आणि विपुल वडिलांना घेऊन गेला.

पुढच्या महिन्यात शेषराव स्वतःचा नंबर लावून दवाखान्यात आले.

“मले बी जळजळ होऊन राहिली. नळी लावा.”

अनुपमांनी पोट दाबून पाहिलं. दुखत काहीच नव्हतं. भूक चांगली, जीभ स्वच्छ. “कधी होते जळजळ?”

“दिवस बुडला का.”

त्यांना सगळं कळलं. तरी त्यांनी रागिणीला नाव लिहून घ्यायला सांगितलं.

“सोबत कोण थांबणार?” रागिणीनं नेहमीसारखं विचारलं.

“खुशाल,” शेषराव म्हणाले. मग त्यांनी ते सुधारलं. “लिवा, कोनी नाही.”